अमेरिकेचे दार आणि अमेरिकेचे घर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध शेतकरी सायंप्रार्थना आटोपल्यावर आमच्या निवासाच्या पायरीवर येऊन बसले. हातात शेताचा उतारा होता आणि तो ते पुन्हा पुन्हा उलगडीत व मिटीत होते. धाकटा मुलगा अमेरिकेस जातो म्हणत होता. दलालाने चाळीस लाख रुपये मागितले होते. व्हिसा नव्हता, पण माणूस पलीकडे पोहोचविण्याची हमी दलाल देत होता. शेत गहाण टाकावे की टाकू नये, एवढेच विचारावयास ते आले होते. आम्ही काही बोलण्याआधीच त्यांनी दुसरा प्रश्न केला आणि त्याने आम्हांस त्या रात्री बराच वेळ जागे ठेवले. “फादर, तो देश समदा बाहेरनं आलेल्या माणसांनीच वसवला म्हणत्यात. मग आता तीच माणसं दार का लावून घेत्यात?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पायरीवरच दिले. दुसऱ्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. एका बाजूस म्हणतात, दार मोकळे टाका, कोणासही अडवू नका. दुसऱ्या बाजूस म्हणतात, परक्याने आमचा देश बुडविला, त्याला हाकलून द्या. आम्ही स्वतः जुन्या चालीरीतींना धरून राहणारे आहोत. घराला दार असावे आणि दाराला कडी असावी, हे आम्हांस मान्य आहे. पण घर बिघडले म्हणजे दोष नेहमी दारातून आत आलेल्या पाहुण्याचाच असतो काय, हे तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेचाच इतिहास थोडा चाळू या. त्यात कॅथलिक माणसाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण एके काळी त्या दाराशी उभा असलेला नकोसा परका म्हणजे कॅथलिकच होता.

जाळलेली ख्रिस्तमंदिरे

फिलाडेल्फिया हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली तेथे गेल्या आणि १८८६ साली तेथील महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परंतु त्याच शहरात त्याच्या चार दशके आधी, १८४४ च्या मे महिन्यात, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन कॅथलिक ख्रिस्तमंदिरे जमावाने जाळून टाकली होती. निमित्त शाळेतील बायबलाचे होते. सरकारी शाळांतून प्रॉटेस्टंट भाषांतर वाचून घेत. कॅथलिक मुलांना त्यांचे स्वतःचे भाषांतर वाचू द्यावे, अशी विनंती तेथील बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ साली केली. एवढ्यावरून ‘हे परके लोक आमच्या शाळांतून बायबलच हद्दपार करू पाहतात’ अशी आवई उठली आणि प्रकरण आगीपर्यंत गेले. त्याच्याही आधी, १८३४ साली, बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथे उर्सुलाईन धर्मभगिनींचा मठ जाळण्यात आला होता.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४५ साली, आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि काही वर्षे तो हटलाच नाही. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्यांपैकी मोठा लोंढा अमेरिकेच्या बंदरांत उतरला. ही माणसे दरिद्री होती, पुष्कळशी निरक्षर होती, दारूत बुडालेलीही होती, आणि सर्वांत वाईट म्हणजे, तेथल्या लोकांच्या दृष्टीने, ती रोमच्या पोपची माणसे होती. त्यांच्या विरोधात एक पक्ष उभा राहिला. त्याच्या सभासदांना कोणी काही विचारले तर ‘मला काही ठाऊक नाही’ असे उत्तर देण्याची आज्ञा होती, म्हणून लोक त्यास ‘नो-नथिंग’ म्हणत. परदेशातून आलेल्या माणसास एकवीस वर्षे नागरिकत्व देऊ नये, ही त्याची मुख्य मागणी. १८५४ साली मॅसॅच्युसेट्स राज्याची सत्ता ह्या पक्षाच्या हाती आली. १८५५ च्या ऑगस्टमध्ये लुईव्हिल शहरात मतदानाच्या दिवशी दंगल होऊन वीसांहून अधिक माणसे मेली. पक्ष लवकरच मोडला, पण त्याने जी भीती बोलून दाखविली ती पुढेही राहिली. ती भीती अशी की, हे लोक कधीच आपल्यांतले होणार नाहीत.

ती खोटी ठरली, हे आज आपण जाणतो. परंतु ती आपोआप खोटी ठरली नाही. ती खोटी ठरविण्यासाठी दोन पिढ्या खपल्या.

ते अमेरिकन कसे झाले

न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज हे स्वतः आयर्लंडातून आलेले. अमेरिकेत त्यांनी प्रथम बागेत माळ्याचे काम केले. फिलाडेल्फियाची आग न्यूयॉर्कास पोहोचू नये म्हणून त्यांनी ख्रिस्तमंदिरांभोवती पहारे बसविले, हे प्रसिद्ध आहे. परंतु त्यांचे खरे काम त्याहून मोठे होते. आपल्या माणसांनी शिकावे, दारू सोडावी, पैसा शिल्लक टाकावा, कुटुंब धरून राहावे, ह्यासाठी त्यांनी जन्मभर खटपट केली. फोर्डॅम येथील महाविद्यालय त्यांनी १८४१ साली काढले. आयरिश मजुरांची बचत सुरक्षित राहावी म्हणून १८५० साली न्यूयॉर्कात एमिग्रंट बचत बँक निघाली, तिलाही त्यांचे प्रोत्साहन होते. आयर्लंडातून आलेल्या फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८४९ ते १८५१ ह्या काळात गावोगाव फिरून लाखो लोकांकडून मद्यत्यागाची शपथ घेतली. फिलाडेल्फियात बोहेमियातून आलेले बिशप जॉन न्यूमन यांनी धर्मग्रामोधर्मग्रामी शाळा काढल्या. १९७७ साली ते संत म्हणून घोषित झाले. १८८४ साली बॉल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर प्रत्येक धर्मग्रामाने दोन वर्षांत आपली शाळा उभारावी, असा नियमच केला.

मग इटालियन आले, पोलिश आले. इटलीतील धर्मभगिनी फ्रान्सिस झेवियर काब्रिनी यांची इच्छा, ज्यांचे नाव त्यांनी घेतले होते त्या आपल्या गोंयच्या संताप्रमाणे, पूर्वेकडे चीनला जाण्याची होती. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी त्यांना पश्चिमेकडे, अमेरिकेतल्या इटालियन मजुरांकडे पाठविले. १८८९ च्या मार्चअखेर त्या न्यूयॉर्कास उतरल्या, तेव्हा व्यवस्था झालेली नाही, परत जा, असा सल्ला आर्चबिशपांनीच दिला. त्या परत गेल्या नाहीत. अनाथालये, शाळा, इस्पितळे मिळून सदुसष्ट संस्था त्यांनी उभ्या केल्या. १९०९ साली त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या आणि १९४६ साली संतपदास पोहोचलेल्या त्या पहिल्या अमेरिकन नागरिक ठरल्या. इटालियन मुलांची श्रद्धा त्यांनी जपली आणि त्याच मुलांना त्या देशात उभे राहण्याजोगे शिक्षणही दिले. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात असे त्यांस कधी वाटले नाही.

भाषेचा वाद मात्र झाला. आपल्या सीमाभागातील वाचकांस तो लगेच कळेल, कारण उपासना कोणत्या भाषेत व्हावी ह्यावरून मने कशी दुखावतात हे आपण घरच्या अंगणात पाहिले आहे. जर्मन कॅथलिकांचे म्हणणे असे की, भाषा गेली म्हणजे श्रद्धाही जाईल, म्हणून आमच्या भाषेचे बिशप आम्हांस द्यावे. १८९१ साली तशी विनंती रोमपर्यंत गेली. कार्डिनल गिबन्स आणि आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी तिला कडाडून विरोध केला आणि रोमने ती मान्य केली नाही. घरी जर्मन बोला, प्रार्थना जर्मनमध्ये करा, पण ह्या देशात तुम्ही वेगळे राष्ट्र म्हणून राहावयाचे नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९१५ च्या ऑक्टोबरात माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ह्या कॅथलिक संघटनेपुढेच भाषण केले आणि दोन देशांवर अर्धी अर्धी निष्ठा ठेवणारा अमेरिकन चालणार नाही, असे बजावले. जन्म कोठेही झालेला असो, मनाने पूर्ण अमेरिकन असलेला माणूस आपला, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. समोरच्या कॅथलिकांस त्यात अपमान वाटण्याचे कारण नव्हते.

परीक्षा पुढेही चालू राहिल्या. १९२२ साली ओरेगन राज्याने कायदा करून सर्व मुलांना सरकारी शाळेत घालण्याची सक्ती केली. हेतू धर्मग्रामाच्या शाळा बंद पाडण्याचा होता. धर्मभगिनी न्यायालयात गेल्या आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मुलाचे संगोपन कसे करावे हा हक्क प्रथम आईबापांचा आहे, हे त्या निकालाने मान्य झाले आणि आजही त्या देशातील प्रत्येक धर्माचे आईबाप त्याचा आधार घेतात. १९२८ साली अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले कॅथलिक अल स्मिथ पडले. १९६० साली जॉन केनेडी निवडून आले. ज्या आयरिश माणसाला एकवीस वर्षे मत देऊ नये म्हणत, त्याच्या वंशजाच्या हाती देशाचा कारभार आला.

दाराची कडी

आता दाराकडे वळू. कडी घालण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, परंतु अधिकार आहे म्हणून तो नेहमी न्यायाने वापरला गेला असे नाही. १८८२ साली चिनी मजुरांस बंदी झाली. १९१७ च्या कायद्याने आपल्या हिंदुस्थानासह आशियाचा फार मोठा भाग बंदीच्या पट्ट्यात गेला. १९२३ साली भगतसिंग थिंड ह्या शीख गृहस्थांस, ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असूनही, ‘गोरे नाहीत’ म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. १९२४ च्या कायद्याने तर प्रत्येक देशाचा वाटा ठरवून दिला. १८९० च्या शिरगणतीत त्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या दोन टक्के. १८९० हेच वर्ष का? कारण इटालियन, पोलिश आणि ज्यू लोकांचे मोठे लोंढे त्यानंतरचे. १९०७ साली एकट्या इटलीतून दोन लाखांहून अधिक माणसे आली होती. नव्या हिशेबाने इटलीच्या वाट्यास वर्षाला चार हजारांहून कमी जागा आल्या.

पुढची चाळीस वर्षे दार जवळजवळ लोटलेलेच राहिले. परदेशात जन्मलेल्या लोकांचे प्रमाण १९१० साली शंभरांत पंधराच्या जवळ होते, ते १९७० पर्यंत पाचाच्या खाली आले. ह्या विसाव्याच्या काळातच इटालियन व पोलिश मुले शाळा, कारखाना व सैन्य ह्यांतून पुरती अमेरिकन झाली, असे तेथील पुराणमतवादी विचारवंत म्हणतात. त्या म्हणण्यात तथ्य आहे. भात शिजावयाचा तर त्यावर घटकाघटकाला नवे तांदूळ ओतून चालत नाही. परंतु विसावा उपयोगी पडला म्हणून मापही बरोबर होते असे ठरत नाही. माणसाची पात्रता त्याच्या वंशावरून मोजणे हे पापच होते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही करून ते माप मोडले, हे योग्यच झाले. त्यामुळेच आपल्या देशाचे डॉक्टर, इंजिनियर, परिचारिका तेथे जाऊ शकले. आज तेथे भारतीय वंशाचे लोक पन्नास लाखांच्या आसपास आहेत.

मात्र त्याच सुमारास एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी होते. मेक्सिकोच्या शेतमजुरांना हंगामापुरते परवान्याने आणण्याची योजना १९४२ पासून चालू होती, ती १९६४ साली बंद झाली. पाठोपाठ नव्या कायद्याने दक्षिणेकडून येणाऱ्यांवरही प्रथमच मर्यादा घातली. शेते तीच राहिली, टोमॅटो व द्राक्षे तोडावयास हात तेच लागत होते, म्हणून माणसे तीच आली. काल जे परवान्याने येत होते, ते आज चोरून येऊ लागले. १९८६ साली अध्यक्ष रीगन यांनी तोडगा काढला. आत असलेल्यांना माफी द्यावी आणि पुढे परवान्याविना माणूस कामास ठेवणाऱ्या मालकास दंड करावा. माफी सुमारे सत्तावीस लाखांस मिळाली. दंडाचा भाग मात्र बहुतेक कागदावरच राहिला, कारण बनावट कागद दाखविले की मालक सुटत असे. १९९० साली परवान्याविना राहणारे सुमारे पस्तीस लाख होते, ते २००७ पर्यंत एक कोटी वीस लाखांवर गेले.

येथे सामान्य अमेरिकन माणसाचा विश्वास तुटला, आणि तो अकारण तुटला असे आम्हांस म्हणता येत नाही. कायदा करावयाचा आणि तो पाळावयाचा नाही, ह्याने कायद्याची अब्रू जाते. १९९० नंतरच्या काळात ह्या प्रश्नावर नेमलेल्या आयोगाच्या अध्यक्षा बार्बरा जॉर्डन ह्या कृष्णवर्णीय विदुषी होत्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या होत्या. ज्यांस येऊ द्यावयाचे ते आत येतात, ज्यांस अडवावयाचे ते अडविले जातात आणि ज्यांस राहण्याचा हक्क नाही ते परत पाठविले जातात, ह्या तिन्ही गोष्टी घडल्या तरच धोरणावर लोकांचा विश्वास राहील, असे त्यांचे सांगणे होते. नवागतांनी अमेरिकन व्हावे ह्या जुन्या विचाराचेही त्यांनी उघड समर्थन केले. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. २०२३ च्या डिसेंबरात दक्षिण सीमेवर एका महिन्यात सुमारे अडीच लाख माणसे पकडली गेली. २०२४ च्या निवडणुकीत ह्याचे फळ दिसले. टेक्ससमधील स्टार तालुका सीमेलगत आहे, वस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची. १८९२ नंतर प्रथमच त्या तालुक्याने रिपब्लिकन उमेदवारास अधिक मते दिली. सीमेवर शिस्त असावी, ही मागणी केवळ गोऱ्यांची आहे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घर कोणी बदलले?

एवढे मान्य करून आम्ही आमच्या पुराणमतवादी बंधूंस एक प्रश्न करतो. तुमच्या घरातील जुन्या चालीरीती गेल्या, कुटुंबे मोडली, चर्चमधील बाके रिकामी झाली, हे खरे. पण हे कोणी केले?

दोषाविना, केवळ मन उतरले म्हणून घटस्फोट देण्याचा पहिला कायदा कॅलिफोर्निया राज्याने १९६९ साली केला. त्यावर सही करणारे राज्यपाल रोनाल्ड रीगन हे पुढे पुराणमतवाद्यांचे सर्वांत लाडके अध्यक्ष झाले. गर्भातील बालकाचे कायद्याचे संरक्षण १९७३ साली ज्या निकालाने गेले, तो देणाऱ्या न्यायालयाचे नऊही न्यायाधीश अमेरिकेतच जन्मलेले होते. तो निकाल २०२२ साली रद्द होईपर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली. त्या वेळी बाजूने मत देणाऱ्या सात जणांत विल्यम ब्रेनन हे कॅथलिक होते, आयर्लंडातून आलेल्या आईबापांचे पुत्र. आयरिश माणूस अमेरिकन होणार नाही अशी भीती १८५५ साली होती. प्रत्यक्षात तो इतका पूर्णपणे तेथला झाला की घरून आणलेले काही तो वाटेत विसरला, असे म्हणावे लागते. १९६० साली शंभर बालकांत सुमारे पाच बालके विवाहाबाहेर जन्मत, आज चाळीसांच्या आसपास जन्मतात. १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत आपला कोणताच धर्म नाही असे सांगणारे शंभरांत पाच होते, आज ते पंचवीसांहून अधिक आहेत. हे काही ग्वाटेमालाहून आलेल्या मोलकरणीने घडविले नाही. उलट आज त्या देशातील कॅथलिकांत तिघांपैकी एकाहून अधिक जण स्पॅनिशभाषक देशांच्या वंशाचे आहेत. ती माणसे नसती तर कित्येक धर्मग्रामांत रविवारी दिवा लावावयासही कोणी उरले नसते.

रीगन यांनी ११ जानेवारी १९८९ रोजी निरोपाचे भाषण केले. दाराविषयी ते फार उदार मनाने बोलले. त्यांना भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. आपण आपल्या मुलांना आपला इतिहास सांगत नाही, आपण कोण ते विसरत चाललो आहो, असे ते म्हणाले, आणि देशातील मोठे बदल रात्रीच्या जेवणाच्या टेबलाभोवती सुरू होतात, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्या धोरणांविषयी कोणाचे काहीही मत असो, हे बोल आपल्या घरांतही खरे आहेत. जे आईबाप मुलांना काही देत नाहीत, त्यांचा वारसा कोणतीही भिंत राखू शकत नाही.

प्रेमाचा क्रम

२०२५ च्या जानेवारीत उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी, जे स्वतः प्रौढपणी कॅथलिक झाले आहेत, असे म्हटले की ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे प्रेमास क्रम असतो. प्रथम आपले कुटुंब, मग शेजारी, मग आपले देशबंधू आणि मग उरलेले जग. ह्यावर मोठी चर्चा झाली. १० फेब्रुवारी रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांस पत्र लिहून, प्रेमाचा खरा क्रम दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर मनन केल्याने कळतो, असे सांगितले. गुन्हेगारांपासून समाजाचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा हक्क त्याच पत्रात त्यांनी मान्यही केला.

दोघांत कोण बरोबर, असे आम्हांस कित्येकांनी विचारले. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाचा क्रम शिकविला, हे खरे आहे. स्वतःची लेकरे उपाशी ठेवून गाव जेवू घालणारा बाप आम्हांस कोणी आदर्श म्हणून दाखवू नये. परंतु त्याच संतांनी हेही लिहून ठेवले आहे की, परका प्राणांतिक गरजेत असेल आणि स्वतःचा बाप तशा गरजेत नसेल, तर आधी परक्याला वाचवावे. क्रम गरज पाहून बदलतो. पवित्र ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण ह्याच दोन टोकांना एकत्र बांधते. संपन्न राष्ट्रांनी, झेपेल तितके, निर्वाहासाठी आलेल्या परक्यास आश्रय द्यावा. सरकारने सर्वांच्या हिताकरिता त्यावर अटी घालाव्यात. आणि आलेल्या माणसाने त्या देशाचा वारसा कृतज्ञतेने मानावा, कायदा पाळावा, ओझे उचलावे. ह्यातले एकच वाक्य उचलून घोषणा करणारे पुष्कळ भेटतात. तिन्ही एकत्र धरणारे थोडे.

पवित्र शास्त्रातील रूथ आठवा. ती मवाबी, म्हणजे परकी. बवाजाच्या शेतात ती पडलेली कणसे वेचू शकली, कारण शेताच्या कडा परक्यासाठी सोडाव्यात असा त्या लोकांचा कायदा होता आणि शेताचा धनी तो पाळीत होता. तिनेही सासूच्या लोकांना आपले लोक मानले आणि तिच्या देवाला आपला देव मानले. धन्याने आपले कर्तव्य केले, परकीने आपले केले. त्या वंशात दावीद राजा जन्मला आणि पुढे आपला प्रभू.

म्हणून कडी घालतानाही माणसाचे माणूसपण राखले पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत ख्रिस्तमंदिरांत व शाळांत धरपकड न करण्याचा जुना दंडक अमेरिकन सरकारने काढून टाकला. त्याच वर्षी जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांताच्या बिशपांस, ज्यांना पकडले जाण्याची भीती आहे त्यांनी रविवारच्या मिस्सेस आले नाही तरी चालेल, अशी सूट द्यावी लागली. १८४४ ची आग आणि ही भीती एक नव्हे. पण मिस्सेस जाताना माणसाला पाठीमागे वळून पाहावे लागते, ही गोष्ट कोणत्याही पुराणमतवादी ख्रिस्ती माणसाच्या मनाला लागावी.

पायरीवर दिलेले उत्तर

आता त्या पायरीवरच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही त्या शेतकऱ्यांस ‘नाही’ म्हटले, ते का?

१९ जानेवारी २०२२ रोजी गुजरातेतील डिंगुचा गावचे एक कुटुंब, आईबाप, अकरा वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा, कॅनडातून अमेरिकेत चोरवाटेने जाताना सीमेपासून काही पावलांवर बर्फात गारठून मरण पावलेले आढळले. ही चोरवाट चालविणाऱ्यांपैकी दोघे २०२४ साली न्यायालयात दोषी ठरले. परंतु मुले परत आली नाहीत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातून परत पाठविलेले १०४ भारतीय होते, त्यांत तिघे महाराष्ट्रातले. प्रवासात त्यांच्या हातांत बेड्या व पायांत साखळ्या होत्या. तसे करणे आम्हांस मुळीच पटत नाही. पण त्या विमानातील कित्येकांच्या गावी शेत गेले होते, कर्ज मात्र राहिले होते, हे त्याहून अधिक लक्षात घ्यावे. पनामाच्या जंगलातून माणसे नेणारा दलाल हा जगातील सर्वांत मोठा खोटा साक्षीदार आहे. तो दाराची गोष्ट सांगतो, वाटेची सांगत नाही.

अमेरिका आपल्या माणसांस बंद आहे असे नव्हे. आपल्याच चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ साली शिकावयास तेथे गेले, रीतसर राहिले, १९८८ साली नागरिक झाले आणि २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले. त्यांच्या पक्षाची कित्येक मते आम्हांस मान्य नाहीत, पण समोरच्या दाराने जाऊन माणूस कोठवर पोहोचतो ते त्यांच्याकडे पाहून कळते. अलीकडे ते समोरचे दारही अरुंद झाले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, परदेशी कुशल कामगार नव्याने बोलाविणाऱ्या मालकाने एक लाख डॉलर भरावे, असा हुकूम निघाला. म्हणून वाट लांब असेल, कदाचित मिळणारही नाही. तरी ती मिळत नाही म्हणून बापाने शेत विकून मुलास बर्फात पाठवावे, हे उत्तर होत नाही.

तो मुलगा आमच्यावर रागावला. दोन रविवार तो मिस्सेस आला नाही. आज तो बेळगावच्या एका ओतकामाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आहे, आणि अमेरिका अजून त्याच्या मनातून गेलेली नाही. जाऊ नये. परवा तो आम्हांस भेटला तेव्हा आम्ही त्याला एवढेच सांगितले की, बाळा, जाशील तेव्हा समोरच्या दाराने जा, त्या देशाचा कायदा पाळ, तेथली भाषा नीट शीक, आणि संध्याकाळची प्रार्थना जेवणाआधी घरात होऊ दे. ज्यांची ख्रिस्तमंदिरे जाळली गेली ते ह्याच वाटेने तेथले झाले. तो हसला, पण त्याने मान हलविली. म्हाताऱ्यांच्या शेतात ह्या वर्षी ऊस उभा आहे, आणि उतारा त्यांच्या पेटीत आहे.